वीस पावलांची घोडी

मारुतराव जगदाळे घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावावर चार खोडकर घोडे सुधारल्याची नोंद होती आणि एकदाही नाचल्याची नव्हती. साताऱ्याकडे निघालेल्या स्वतःच्या वरातीतही मेहुण्यांनी ओढलं, तेव्हा नवरदेव म्हणाले होते, "घोडदळात नाचत नाहीत." त्यांच्या बायकोने, प्रभावतीबाईंनी, हे वाक्य अडतीस वर्षं जपून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर ते दिल्ली छावणीच्या कडेला असलेल्या एका लहानशा केंद्रात लागले. तिथे अपंग मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात. घोडा चालतो तशी वर बसणाऱ्याची कंबर हलते, पाठ आपोआप सावरली जाते. गादीवर ज्या व्यायामाला मूल घर डोक्यावर घेतं, तोच इथे हसत होतो. घोडा मात्र थंड डोक्याचा हवा.

तशी एक घोडी फरीदाबादहून आली. नाव लाडो, वय सोळा, रंग पांढरा, बारा हंगाम लग्नाच्या वरातींत काढलेले. बँड, फटाके, शेपूट ओढणारे नवरदेवाचे मित्र, कशानेही तिचा कान हलत नसे. मारुतरावांनी तिच्याजवळ पत्र्याचा डबा आपटून पाहिला. तिने जांभई दिली. मारुतराव खूश झाले.

खोड दुसऱ्या दिवशी कळली. लाडो मोजून वीस पावलं चालायची आणि थांबायची. मग ढिम्म. त्यांनी गूळ दाखवला, दोर ओढला, ठेवणीतल्या आवाजात फौजी हुकूम सोडले. लाडोने सगळं ऐकून घेतलं. दहा-पंधरा मिनिटांनी, मर्जी झाली की, पुढची वीस पावलं.

केंद्राचे प्रमुख एक निवृत्त कर्नल. ते महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाहणीला येत. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि पुढच्या पाहणीपर्यंत घोडी चालली नाही तर परत पाठवा, असं सांगून टाकलं. परत म्हणजे कुठे, ते मारुतरावांना ठाऊक होतं. वय झालेली वरातीची घोडी पुढे वीटभट्टीच्या गाडीला जुंपतात.

रविवारी ते फरीदाबादला घोडीवाल्याकडे गेले. त्याने तक्रार शांतपणे ऐकली आणि विचारलं, पुढे नाचतं कोण? कोणी नाही, असं मारुतराव म्हणताच त्याने कपाळावर हात मारला. वरात वीस पावलं जाते, थांबते, मंडळी नाचतात, मग पुढे सरकते. "नाचे बिना आगे कैसे बढ़ेगी, दफेदारजी? तमीज़ वाली घोड़ी है."

सोमवारी सकाळी, कोणी आलं नाही असं पाहून, मारुतरावांनी लाडोला पागेमागे नेलं. वीस पावलं झाली. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी चार पावलं टाकली. ती कवायतच होती. बारा वर्षं भांगडा पाहिलेल्या घोडीला तो नाच वाटेना. मारुतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खांदे उडवले. लाडो निघाली.

कोणी नव्हतं असं त्यांना वाटलं, इतकंच. फाटकाशी लागलेल्या व्हॅनमधून उल्का पाहत होती.

उल्का आठ वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे पाय ताठ आणि हात छातीशी आवळलेले. घोड्यावर बसली की खोगिराची मूठ ती सोडायची नाही. केंद्रातली फिजिओथेरपिस्ट सुनीती पाच महिने तिच्या मागे लागली होती, की एकदा, फक्त एकदा, हात डोक्यावर ने. उल्काचं उत्तर ठरलेलं: नंतर.

पाहणीचा सोमवार आला. उल्का लाडोवर, बाजूला सुनीती, पुढे दोर धरून मारुतराव. विसावं पाऊल नेमकं कर्नलसाहेबांच्या खुर्चीसमोर पडलं. लाडो थांबली. कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. ज्या माणसाला वर्षानुवर्षं सलाम ठोकला, त्याच्यापुढे मारुतरावांचा हात काही वर जाईना.

"काका, नाचा ना," वरून उल्का म्हणाली. "मी पाहिलंय. तबेल्याच्या पीछे."

हसू लपवायला सुनीतीने तोंड फिरवलं. मारुतरावांना वीटभट्टी दिसली. त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि नाचले. पण घाबरून पुन्हा कवायतच केली. लाडो हलली नाही.

"अरे यार काका, असं नाही," उल्का वैतागून म्हणाली. "असं." आणि तिने मूठ सोडली. उजवा हात पूर्ण वर, डावा कानापर्यंत, खांदे वर-खाली. पाठीवरचा नवरदेवही कधीकधी नाचतो, हे लाडोला माहीत होतं. ती चालू लागली.

सुनीतीने फाइल उघडली. त्या दिवशी एकंदर सात वेळा हात वर गेले. उठताना कर्नलसाहेब म्हणाले, "घोड़ी रहेगी." आणि मग, "दफेदार, कंधे पर मेहनत कीजिए."

आता लाडोला चालवतात ती मुलंच. ज्यांचे हात अजून वर जात नाहीत, त्यांच्या वतीने मारुतराव नाचतात.

घरी त्यांनी यातलं फक्त घोडी राहिली एवढंच सांगितलं. बाकीचं सुनीतीने फोनवर सांगितलं. पुढच्या सोमवारी प्रभावतीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून केंद्रावर आल्या, कर्नलसाहेबांची खुर्ची ओढून घेतली आणि पावलं मोजू लागल्या.