शिवण का गृहशास्त्र

"शिवण का गृहशास्त्र? बोल पोरी, तुला आवडंल ते."

शिरूरच्या आमच्या शाळेतले हेडक्लार्क, सगळ्यांचे आप्पा, खिडकीशी उभ्या मुलीला विचारत होते. ती "शिवण" म्हणाली आणि खुशीत गेली. मी शिकवायची त्या आठवीच्या बीजगणिताच्या वर्गात वर्षभर एकही मुलगी का नव्हती, ते मला तेव्हा कळलं.

तेव्हा आठवीत विषय निवडावे लागत. मुलींना बीजगणिताऐवजी शिवण किंवा गृहशास्त्र घेता येई. घेता येई, घ्यायलाच हवं असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मुलाला आप्पा विचारीत, "बीजगणित हाय ना रं?" मुलीपुढं ते नावच काढीत नसत.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. चहा घेणार का, असं ते कधी विचारत नसत. "साखरेचा का गुळाचा?" नको म्हणायला जागाच नाही! आम्ही हसायचो आणि प्यायचो. मी नवी असताना म्हणाले, "बाई, गॅदरिंगला रांगोळी का स्वागतगीत?" मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत मराठी बोलायला बिचकणारी. रांगोळी निवडली, वर आभार मानले. दोन दिवस गुडघे टेकून ठिपके काढले.

आप्पा आता नाहीत. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. माझा राग मात्र गेलेला नाही, कारण माणूस मायाळू होता. त्या दिवशी खिडकीतलं ऐकून मी हळूच विचारलं, तर म्हणाले, "पोरगी गणितात नापास झाली की बाप शाळा सोडवतो, बाई. आन् मी अडवलंय का कुणाला? इचारतोच की!"

मी हजेरीपट उचलून वर्गाकडे वळले.

तेवढ्यात केंदूरहून एक मुलगी वडिलांबरोबर आली. सातवीत ती माझ्याकडे होती. फळ्यावरचं गणित माझा खडू थांबायच्या आत सोडवायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. बीजगणित घेतलं नाही की सायन्सची वाट बंद, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"शिवण का गृहशास्त्र?"

"तुमीच सांगा आप्पा," वडील म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं."

"शिवण लिवतो. घरबसल्या चार पैसं मिळतील पोरीला."

ती दोन्ही शब्द मनात घोळवत उभी होती. आपला विषय त्यांत का नाही, हे विचारायचं असतं एवढंही तिला माहीत नव्हतं. आप्पांनी टाक दौतीत बुडवला. मी पुढं झाले.

"आप्पा, टाक खाली ठेवा. बीजगणितही आहे, आणि ते तुम्ही हिला सांगितलेलं नाही."