उंदरांच्या डोळ्यांची बातमी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, खळीच्या वासात, बाइंडरने तीस वर्षं इतरांची पुस्तकं शिवली. स्वतःसाठी बांधलं ते एकच, उरल्यासुरल्या कागदांची एक जाड वही. विज्ञानाच्या ज्या बातमीत ‘इतक्या वर्षांत’ अशी मुदत दिसे, ती कापून तो वहीत डकवी. मुदत भरली की शेजारी शेरा मारी. बहुतेक शेरे एकाच शब्दाचे होते : ‘नाही.’ तरी नवी बातमी दिसली की त्याचा हात कात्रीकडे जाई. शाळा चौथीत सुटली होती, पण कुतूहल काही सुटलं नव्हतं.

घरात थोरली बहीण आणि तिचा मुलगा. भाचा प्रोग्रामर, म्हणून जेवताना थट्टेला तोटा नसे.

“मामा, आजची बातमी वाचलीस? पुढे कॉम्प्युटरच प्रोग्राम लिहिणार. प्रोग्रामर घरी बसणार.”

“ही जुनी आहे. शेरासुद्धा मारलाय, ‘झाले’.”

“झाले कसं?”

“दोन वर्षं तू घरीच बसलायस की! वर शर्ट, खाली पायजमा, आणि म्हणे मीटिंग.”

“हस तू. काल दिवसभर एक गोष्ट चालत नव्हती, आज आपोआप चालायला लागली.”

“का?”

“माहीत नाही. म्हणून तर तिला हात लावत नाहीये.”

ताईला हसताना ठसका लागला. बाइंडर मात्र गंभीर होऊन म्हणाला, “हे वाक्य पेपरात कधी येत नाही बघ. ‘आम्हाला माहीत नाही.’”

ताईच्या डोळ्यांचा पडदा वयाने झिजला होता. कडेचं दिसे, मधोमध धुकं. समोर बसलेल्या भावाचे कान तिला दिसत, चेहरा दिसत नसे. पाच वर्षांपूर्वी त्यानेच तिला एक बातमी वाचून दाखवली होती : उंदरांना पुन्हा दृष्टी मिळाली, माणसांसाठी औषध पाच वर्षांत. वाचताना त्याचा आवाज आनंदाने चिरकला होता. तेव्हापासून ताई हटून बसली. मुलाने तिच्यासाठी अक्षरं वाचून दाखवणारा फोन आणला, तो तिने कपाटात टाकला. “नजर येणारच आहे, मग कानाने वाचायला कशाला शिकू?” पत्र असो, पुस्तक असो, औषधाची बाटली असो, सगळं भावाच्या तोंडून.

आता ती मुदत भरत आली होती. ताई रोज तारीख विचारी आणि बाइंडर वहीतलं ते पान उलटून पुढे जाई. बाकीच्या बातम्यांवर ‘नाही’ लिहिताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता. शेवटी त्याने भाच्याकडून बातमीतल्या प्रयोगशाळेला पत्र धाडलं.

उत्तर आलं. भाच्याने तिथल्या शास्त्रज्ञाचं ते पत्र कागदावर काढून दिलं, बाइंडरने वाचलं. “‘पाच वर्षं’ हे आमचे शब्द नव्हेत. वार्ताहराने विचारलं, औषध कधी? मी म्हटलं, सांगता येत नाही. तो म्हणाला, पाच वर्षं लिहू? मी म्हटलं, लिहा.”

ताई म्हणाली, “पण उंदराला दिसतंय हे यांना कळलं कसं? उंदीर काय पाटी वाचतो?”

भाच्याने तिथल्या तिथे तिचा प्रश्न धाडला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, तेही बाइंडरने कागदावरून वाचलं. उंदराभोवती काळेपांढरे पट्टे फिरवतात. दिसत असेल तर तो मान वळवतो, नाहीतर नाही. ताईला हे फार आवडलं. “पुन्हा वाच,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.

“शेवटाच्या आधी तू थांबलास. दोन्ही वेळा तिथेच.”

“दम लागतो आता.”

“दम नाही लागत, तू काहीतरी गिळतोस.” ती मुलाकडे वळली. “कपाटातलं ते यंत्र काढ. त्याला माझी माया नाही, ते सरळ वाचेल.”

भाच्याने फोन पत्रावर धरला. यंत्र एकसुरी आवाजात वाचत गेलं. पट्टे आले, मान आली, आणि बाइंडरने गाळलेलं वाक्यही आलं : “उतारवयात झिजलेल्या पडद्याला या उपचाराचा उपयोग होईल, असं आम्हाला वाटत नाही.”

बाइंडर आपल्या बोटांवरची वाळलेली खळ नखाने खरवडत राहिला.

“रागावलीस, ताई?”

“रागावले. त्यावर नंतर बोलू.” तिने हात पुढे करून फोन मागून घेतला. “उंदीर मान वळवतो ती पट्टे जातात त्या बाजूला, की उलट?”

त्याला ते ठाऊक होतं. सांगायला तोंड उघडलं, तोच तिने तळहात दाखवून त्याला थांबवलं आणि फोनच्या काचेवर बोट फिरवत मान वळवण्याचं ते वाक्य स्वतःच शोधू लागली.