डॉक्टरीणबाईंचा प्लगपाना

"एक काढायचा, एक बसवायचा," असं म्हणत शेजारच्या डॉक्टरीणबाई पदर खोचायच्या आणि गाडीचं बॉनेट उघडायच्या. साठच्या दशकातल्या जयपुरात, राजा पार्क वस्तीतल्या सकाळच्या उन्हात, एक मराठी बाई नवऱ्याच्या गाडीचे स्पार्क प्लग स्वतः बदलते आहे, हे तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही फाटकाशी थांबला असतात. आमचे हे थांबायचेच. माझं दुखणं तेच होतं.

डॉक्टरांना इस्पितळातून केव्हाही बोलावणं यायचं, गाडी चालू व्हायलाच हवी, म्हणून त्या हे शिकल्या होत्या. कारणाशी माझं भांडण नव्हतं. पण काजळी धरलेला प्लग त्या उन्हात धरून निरखायच्या, तेव्हा आमचे हे असे बघत राहायचे, की माझ्या पुरणपोळीकडेही कधी तसं बघितलं नव्हतं.

"भाऊजी, घरी चहा निवतोय. वहिनी वाट बघत असतील," त्याच म्हणायच्या. म्हणजे वर समजूतदारही! अशा बाईचा धड रागसुद्धा करता येत नाही.

पुढे आम्हीही जुनी गाडी घेतली. एका रविवारी ह्यांनी बाह्या सरसावल्या आणि प्लगांवरच्या चारही वायरी एकदम उपटल्या. कुठली कुठे होती, देव जाणे! नवे प्लग बसवून किल्ली फिरवली, तर असा बार उडाला की दूधवाल्याची सायकल आडवी झाली. "क्या हुआ, बाईजी?" तो ओरडला. मी मनातून खूश होते. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. हसल्या नाहीत. वायरी जागच्या जागी लावल्या आणि म्हणाल्या, "होतं असं, भाऊजी. पहिल्यांदा माझंही झालं होतं." ह्यांचा चेहरा उजळला. मी आत जाऊन भांडी आपटली.

मग डॉक्टरांची बदली झाली. निघायच्या आठवड्यात बाईंनी मला बोलावलं, हातात प्लग खोलायचा तो प्लगपाना दिला आणि चारही प्लग माझ्याकडून काढून बसवून घेतले. "हा तुम्ही ठेवा. तुमचा हात हलका आहे. भाऊजींना घाई फार." मला रडू आलं. जिचा मत्सर करावा तिच्याच गळ्यात पडून रडावं, अशी बाई मला पुन्हा भेटली नाही.

त्या हिवाळ्यात आमची गाडी अडली. मी पदर खोचून बॉनेट उघडलं. हे बाजूला उभे होते, आणि त्यांचे हात पुन्हा वायरींकडे वळले.

"अहं! एक काढायचा, एक बसवायचा," मी म्हणाले.

ह्यांनी चमकून मान वळवली. माझ्याकडे नाही, शेजारच्या फाटकाकडे.