तोकाताकेचे मागणे

तोकाताकेकडे माझे लक्ष पहिल्यांदा गेले ते त्याच्या आवाजामुळे. मी शाळेत शिकवायला नवी होते. मुलांना सातचा पाढा म्हणायला लावला होता आणि खिडकीबाहेरच्या माडावरून कुणीतरी आमच्या धर्मोपदेशकांच्या पोटावर गाणे म्हणत होते. नीरा काढायला माडावर चढलेल्या माणसाने गावे, ही आमच्या किरिबास बेटांची रीतच आहे. खालून जाणाऱ्या बायकांना कळते की वर पुरुष आहे आणि माडाच्या मालकाला कळते की वर चोर नाही. पण या गाण्यातले पोट कडव्यागणिक इतके वाढत चालले होते की सगळा वर्ग हसत सुटला. मी बाहेर जाऊन ओरडले, "अहो, खाली उतरा! पोरांचं लक्ष जातंय."

"बाई, माझं गाणं ऐकून माड पाझरतो," वरून उत्तर आले. "तुमचं ऐकून पोरं पाझरत नाहीत, त्यात माझा काय दोष?"

मग तो उतरला आणि मला नीरेने भरलेली करवंटी देऊन गेला. इतकी गोड नीरा मी तोवर प्यायले नव्हते.

हात चांगला होता त्याचा. पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, सुंभाने आवळून वाकवायची, तिचे टोक सकाळ-संध्याकाळ पात्याने तासायचे आणि खाली करवंटी टांगायची. एक वेळ जरी चुकली तरी जखम सुकते आणि माड रुसतो. तोकाताकेची वेळ कधी चुकत नसे. पण त्याच्या नीरेचा निम्मा भाग घरी पोचत नसे. ती करवंटीतच आंबे, तिची माडी होई आणि तो व त्याचा भाचा बाउरो ती पीत बसत. बायको तेकारा म्हणायची, "माझ्या नवऱ्याला माडाने सगळं दिलं. छप्पर दिलं, चटई दिली, जाळ दिला, तेल दिलं. फक्त अक्कल दिली नाही, ती माडाला लागत नाही ना!"

शिवाय तो मागायचा फार. आमच्यात मागण्याला बुबुती म्हणतात. नातलगाने हा शब्द उच्चारून काही मागितले की नाही म्हणता येत नाही. म्हटले तर त्याची लाज नातवंडांना पुरते. आणि बेटावर सगळेच एकमेकांचे नातलग. तोकाताकेने कुणाचे जाळे मागितले, कुणाचा सदरा, कुणाचे रॉकेल. माझी छत्रीसुद्धा त्याच्याकडेच गेली. लोक देत आणि हसत, कारण आपण मागितले की तोही देतो हे सगळ्यांना माहीत होते.

मग तो दुष्काळ आला. वर्ष उलटून गेले तरी पाऊस नाही. विहिरी खाऱ्या झाल्या. पाणी म्हणून शहाळी पीत होतो, ती संपली. माडांनी सुपारीएवढी कोवळी फळे टाकून दिली. झावळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या. शाळेत 'नारळाचे उपयोग' लिहायला सांगितले की मुलांना पाटी पुरायची नाही. त्या वर्षी तो धडा मी घेतलाच नाही.

त्याच वर्षी तोकाताकेची मुलगी मारेवा तापाने गेली. तिची मुलगी आकोइया चार महिन्यांची होती. बाळाचा बाप परदेशी जहाजावर खलाशी होता, दुनियेच्या दुसऱ्या टोकाला. गावात अंगावर पाजणारी एकच बाई होती आणि तिचेही दूध आटले होते. काही दिवस दुकानातल्या दुधाच्या पावडरीवर निघाले. मग ती संपली. राजधानीहून, तारावाहून, येणारे जहाज येईना. उरली ती नीरा. आईवेगळी मुले आमच्याकडे पूर्वीही नीरेवर जगलेली आहेत.

तोकाताकेच्या माडांपैकी फक्त दोन पाझरत होते आणि तेही थेंबथेंब. पहिल्या दिवशीची नीरा दुपारपर्यंत आंबली. त्याच्या घरातल्या प्रत्येक करवंटीत इतक्या वर्षांची माडी मुरलेली होती, तिच्यात गोड काही टिकणार कसे? बाळाने तोंड फिरवले. सगळ्या करवंट्या तोकाताकेने चुलीत घातल्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "बाई, बुबुती. तुमच्या दोन द्या, ज्यांत तुम्ही पाणी पिता त्या." त्या दिवसापासून त्याने माडीला तोंड लावले नाही.

तेकारा नीरा उकळायची, पाणी घालून पातळ करायची आणि फडक्याच्या टोकाने बाळाच्या ओठांवर पिळायची. दोन्ही वेळची मिळून जेमतेम पुरायची. बाळाच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती. रडण्याचा आवाजही बारीक झाला होता.

एका संध्याकाळी मी तिथे बसले असताना बाउरो आला. त्याचे डोळे खोल गेले होते. त्याने बाळाकडे पाहणे टाळले.

"मामा, बुबुती. एक करवंटी."

"अरे मेल्या!" तेकारा किंचाळली. "डोळे फुटले का तुझे? ते तिचं आहे!"

"मामी, घशाला कोरड पडलीय. मामाने माझी अख्खी होडी नेली तेव्हा मी बोललो का काही?"

तोकाताकेने खुंटीवरची करवंटी काढून त्याच्या हातात दिली. बाउरो गेल्यावर तेकाराने बाळाला उचलले आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. त्या संध्याकाळी बाळाला उकळलेले खारट पाणीच मिळाले आणि तिने ते ओकून टाकले.

"उद्यापासून सांग, माड सुकले म्हणून," तेकारा म्हणाली.

"गावभर गाणं ऐकू जातं माझं. कोण विश्वास ठेवील?"

"मग गाऊ नकोस!"

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गप्प चढला. शेजारच्या म्हातारीने सळसळ ऐकली आणि बोंब ठोकली, "चोर! माडावर चोर!" सगळे धावत आले. स्वतःच्याच माडावर बसलेल्या तोकाताकेला खाली उतरून, "मी आहे, मीच आहे," असे सांगत फिरावे लागले. कुणी हसले, पण बऱ्याच जणांच्या नजरा त्याच्या हातातल्या करवंटीवर होत्या. त्यांतल्या एकाने पुढे होऊन बुबुती म्हटलेच.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर गाव मानेआबात, म्हणजे आमच्या सभाघरात, जमले होते. विहिरींचे बोलणे चालले होते. तोकाताके आपली जागा सोडून मधोमध जाऊन बसला.

"मी बुबुती करतोय."

"आता काय हवंय? देवळाची घंटा?" मागून कुणीतरी म्हणाले. थोडे हसू झाले.

"कुणाकडे करतोस?" तेबाउने विचारले. तो सगळ्यांत वडील.

"सगळ्यांकडे. माझ्याकडे कुणी काही मागू नये, हे मागतोय."

हसणे थांबले. तेबाउ म्हणाला, "असलं कुणी कधी मागितलं नाही, बाबा."

"नाही म्हणता येतं का, आजोबा?"

"नाही म्हणता येत नाही."

"मामा, माझ्यामुळे ना हे?" बाउरो उठून उभा राहिला. "मी नाही मागणार परत. ऊठ तिथून. ऊठ ना!"

"तू नाही मागणार. आजोबांचा मुलगा मागेल. त्याचं जाळं घेतलंय मी. कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

"पाऊस येईपर्यंतच ना?" एका बाईने विचारले. तिला मदतच करायची होती.

तेबाउने मान हलवली. "मागण्याला मुदत नसते. एकदा दिलेली होडी कुणी पावसानंतर परत मागतो का? आणि ऐक, तोकाताके. ज्याच्याकडे मागता येत नाही, त्याला मागताही येत नाही. चूल विझली तर निखारा मिळायचा नाही तुला. होडी फुटली तर वीतभर सुंभ मिळायचं नाही. कळतंय का?"

"कळतंय."

"तेकाराला कळतंय?"

तेकाराने चटईचा कोपरा तोंडावर ओढून घेतला होता. ती आतून म्हणाली, "पोर मरतंय. मला काय विचारता?"

"मग दिलं," तेबाउ म्हणाला. एकेका घराने आपल्या जागेवरून तेच म्हटले. बाउरो सर्वांत शेवटी बोलला.

त्यानंतरचे महिने मी शेजारून पाहिले. तोकाताके पुन्हा मोठ्याने गात चढू लागला आणि खाली उतरल्यावर नीरेसाठी त्याला कुणीच अडवेना. पण वाटेत कुणी त्याच्याशी फारसे बोलतही नसे. आमच्याकडे बोलणे बहुतेक मागण्यानेच सुरू होते. त्याच्या होडीचा आडवा दांडा निखळला तेव्हा बांधायला सुंभ नव्हते. तेकाराने साठवणीतली नारळाची सोडणे कुजत घातली, झोडपली आणि मांडीवर काथ्या वळत बसली. मांडीची सालटे निघाली. सुंभ होईपर्यंत ते दोघे वाळवलेल्या खोबऱ्याच्या तुकड्यांवर राहिले आणि मासा त्यांच्या घरात शिजला नाही. मी एकदा न मागता भात नेऊन ठेवला. तेकाराने तो परत आणून दिला. म्हणाली, "बाई, असं नका करू. शब्द मोडला असं होईल."

जहाज आले आणि नंतर पाऊसही आला. आकोइयाच्या मांड्या भरायला त्यानंतर बरेच दिवस गेले. ती उशिरा चालली. पण चालली.

आता ती तारावाला असते, तिला दोन मुले आहेत. बाउरो बेट सोडून गेला. तेकाराला जाऊन काही वर्षे झाली. आज गावातली अर्धी माणसे त्या सभेनंतर जन्मलेली आहेत, पण तोकाताकेकडे काही मागायचे नाही हे त्यांनाही ठाऊक आहे.

तो एकटाच मासेमारीला जातो. परवा त्याला दोन कुपे मासे मिळाले. एक त्याने खाल्ला, दुसरा कापून पत्र्यावर वाळत घातला आहे.