दगूबाई आणि चांद्या बैल

माझी मोठी जाऊ दगूबाई तुरुंगात जाऊन आली होती, हे आमच्या घरात मुलांपुढे कोणी काढत नाही. मी काढते. मला रागावणारी माणसं सगळी वर गेली.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. आमचं गाव तापीकाठचं, नंदुरबारला बैलगाडीनं अर्धा दिवस. मोठे दीर वारले तेव्हा दगूबाई तिशीचीही नव्हती. शेत तिनंच सांभाळलं. औतसुद्धा तिनं हाकलं असतं, पण बाईनं औत धरलं तर घराण्याचं नाक जाईल, म्हणून माझे मालक नवलराव हाकत. "नाक तुमचं, शेत माझं," असं ती हसून म्हणायची आणि मालक खाली बघायचे.

तिचा चांद्या बैल कामाला वाघ, पण मारका. परका माणूस जवळ आला की मान खाली घालायचा. शेजारच्या नथ्थूची मांडी त्यानं फोडली, तेव्हा दगूबाईनं त्याच्या गळ्यात लोढणं अडकवलं. लोढणं म्हणजे दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका. जनावर धावायला गेलं की तो गुडघ्यांवर आपटतो. लोढणं दिसलं की आमच्याकडची पोरंही लांबून जात.

त्या माघात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापायला नवापूरकडच्या डोंगरातून जेठ्या आणि त्याची बायको रमीबाई आली. जेठ्याला जनावरांचा फार लळा. तिसऱ्या दिवशी दुपारी तो चांद्याला हाळावर पाणी पाजायला घेऊन गेला. ओंडक्यानं गुडघे सोलले होते, माश्या बसत होत्या. त्याला दया आली. त्यानं लोढणं सोडलं, कसलासा पाला चोळला आणि लावायला बैलापुढे खाली बसला. चांद्यानं शिंग पोटात घातलं. आम्ही जेठ्याला गाडीत घालून नंदुरबारला निघालो. निम्म्या वाटेवर रमीबाईनं गाडी थांबवायला सांगितली. पुढं न्यायला काही उरलं नव्हतं.

फौजदार आला, पंचनामा झाला, दगूबाईवर खटला भरला.

मालक तिला शांतीलाल वकिलाकडे घेऊन गेले. मी सोबत होते. वकील तोंडात सुपारी ठेवून म्हणाले, "बेन, कायदा दोनच गोष्टी विचारतो. बैल मारका आहे हे माहीत होतं का? आणि माहीत असून काय केलंत?"

"लोढणं बांधलं की."

"तेच तर नडलं! लोढणं बांधलंत म्हणजे माहीत होतं. बांधलंच नसतं तर मी म्हटलं असतं, गरीब गाय होती."

"गाय नही, बैल शे तो," दगूबाई म्हणाली. वकिलांनी सुपारी थुंकली.

मग त्यांनी वाट दाखवली. जेठ्याला आधी बजावलं होतं, असं सांगायचं. ऐकूनही त्यानं स्वतःच्या हातानं लोढणं सोडलं, म्हणजे चूक त्याची. ऐकायला तिसरं कोणी नव्हतं, तेव्हा खोटं ठरवणार कोण?

परतताना मालक गाडीत एकच घोकत होते, "वहिनी, एवढं एक वाक्य."

नंदुरबारच्या कोर्टात रमीबाई दाराशी उकिडवी बसली होती. साहेबानं विचारलं, "बैल मारका आहे हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक व्हतं, साहेब. म्हणीसन तं लोढणं बांधं."

"मयताला तसं सांगितलं होतंस?"

मालकांनी माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली. दगूबाईनं दाराकडे पाहिलं.

"नही सांगं. लोढणं दिसी ऱ्हायनं, मंग सांगाले कशाले जोयजे, अशे वाटनं. तो परका व्हता. सांगाले जोयजे व्हतं."

दोन महिने कैद झाली. कोर्टाबाहेर आल्यावर मला वाटलं, रमीबाई चार शब्द बरे बोलेल. ती दगूबाईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू दोन महिन्यांनी घरी येशील." एवढंच बोलून ती डोंगराच्या वाटेला लागली.

आमचं गाव मात्र शहाणं झालं. आठ दिवसांत सगळ्या मारक्या जनावरांच्या गळ्यातली लोढणी निघाली. कोणालाच काही माहीत नको!

मालकही शहाणे झाले. चांद्याला ओळखणारं कोणी भेटू नये म्हणून त्यांनी तो लांब खांडबाऱ्याच्या बाजारात नेऊन विकला. निघताना शिंगांना तेल मी चोळलं. चांगली चकाकत होती.

दगूबाई धुळ्याच्या तुरुंगातून सुटून आली, ती आधी गोठ्यात गेली.

"चांद्या कोठे शे?"

"इकी टाका," मालक म्हणाले.

"तो मारस, हाई सांगं का घेनाराले?"

"इकतांना कोन सांगस, वहिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गुलाब, तुले माहीत व्हतं ना?"

"व्हतं," मी म्हणाले.

पुढच्या बाजाराला ती खांडबाऱ्याला निघाली, मीही गेले. दलाल म्हणाला, डोंगरातल्या कोणी तरी नेला, नाव कोण विचारतं? मग दगूबाई बाजारात उभी राहून डोंगरातून आलेल्या प्रत्येकाला विचारू लागली. कपाळावर चांद असलेला बैल कोणी घेतलाय का? तो मारतो, जवळ जाऊ नका. कोणी हसलं, कोणी वेडी समजून बाजूला झालं. असे चार बाजार झाले. तो बैल कुठं गेला, पुढं त्यानं कोणाचं काय केलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

पाचव्या बाजाराला दगूबाई तापानं फणफणली होती. मी मालकांना न विचारता एकटी गेले.