पोट मोजणारं दार

पोटाला भाकरी मिळावी म्हणून, पोटच नाही असं तुम्हाला कधी कुणाला दाखवावं लागलंय का?

निपाणीच्या तानव्वाला रोज सकाळी दाखवावं लागायचं. पायगोंडा आप्पांच्या तंबाखूच्या वखारीला हत्ती जाईल एवढा दरवाजा होता, पण बायकांना वाट त्या दरवाजाच्या फळीत कापलेल्या छोट्या दारातनं. भरमा मुकादमानं तिथं एक अक्कल चालवली होती. दाराच्या एका बाजूला तो ओला गेरू फासायचा. बाईनं पाठ दुसऱ्या बाजूला घासत आडवं आत शिरायचं. लुगड्याला पोटावर गेरू लागला की ती बाई गरोदर. भरमा मान वर न करता एकच शब्द बोलायचा, "घरी." मग तिची जागा दुसरीला जायची, आणि बाळंत होऊन परत आली की तिनं उमेदवारासारखं दारात उभं राहायचं.

तानव्वा कोगनोळीची लेक. लग्न होऊन निपाणीत आली ती थेट तंबाखूच्या धुळीतच. पहिल्या खेपेला तिनं पोट आवळून बांधलं, श्वास कोंडून दारातनं शिरली आणि कुणाला संशय नको म्हणून पोती उचलली. पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. तिसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती. दारातनं अगदी सहज आत गेली. त्या दिवशी तिला त्या दाराचा जो राग आला, तो कधी उतरला नाही.

आता पुन्हा दिवस गेले होते; सहावा चालू होता आणि ती कशीबशी गेरू चुकवत होती. तिचा दीर जोतिबा चार बुकं शिकलेला. मुंबई सरकारनं बाळंतिणींसाठी कायदा केलाय, असं त्यानं पेपरात वाचून सांगितलं. तानव्वानं ते आप्पांच्या कानावर घातलं. आप्पा वाईट माणूस नव्हेत, मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारे. ते शांतपणे म्हणाले की कायदा कारखान्याला आहे आणि ही आपली वखार आहे. आता बघा, चाळीस बायका दिवसभर तंबाखू कुटतात, चाळतात, खोकतात. पण पाटीवर वखार लिहिलं की कायदा बिचारा बाहेरच उभा.

"मग आपुन बी भाईरच हुबं ऱ्हाऊ की," तानव्वा विहिरीवर बायकांना म्हणाली. आणि काय करायचं ते सांगितलं.

स्टेशनला माल जायचा होता त्या दिवशी दहा बैलगाड्या दारात येऊन थांबल्या. पहिली पुढं झाली चंपाबाई, साठी उलटलेली, तोंडात दात एकच. ओच्यात तिनं अख्खी गोधडी खोचली होती. दारातनं निघाली ती पोटभर गेरू घेऊनच.

भरमानं पहिल्यांदाच मान वर केली. "म्हातारे, तुला कसं गं?"

"मालक जाऊन माझा वीस वर्सं झाली," चंपाबाई म्हणाली. "जाताना काय ठेवून गेला आसंल तर मला न्हाय ठावं. तू आपलं म्हन की, घरी."

पाठोपाठ दुसरी, तिसरी, दहावी. कुणाच्या ओच्यात चिंध्या, कुणाच्या दुपारच्या भाकऱ्या. एकीनं तर उशीच आणली होती. एकजात चाळीस पोटं लाल. खरं कुठलं आणि चिंध्यांचं कुठलं हे भरमाला कळेना, आणि बायकांच्या ओच्याला हात घालायची त्याची छाती होईना. नियम त्याचाच, त्यामुळं सगळ्यांना घरी म्हणावं लागलं. पण बायका घरी गेल्या नाहीत. गाड्यांच्या सावलीत पाय पसरून बसल्या.

भरमा पळत जाऊन आप्पांना घेऊन आला. गाड्या आत घ्यायच्या तर मोठ्या दरवाजाचा अडसर आतनं. आप्पा तणतणत निघाले, आणि तो काढायला स्वतःच त्या छोट्या दारातनं आडवे शिरले. तूप-पोळीवर वाढलेला देह तो. अडकले, जोर लावला, आत गेले. अडसर निघाला, दरवाजा उघडला, आणि आप्पा सगळ्यांसमोर उभे राहिले. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर, बरोबर बेंबीच्या जागी, वीतभर गेरू.

तानव्वानं पदर सावरला आणि अगदी आदरानं विचारलं,

"आप्पा, कितवा?"

आणि भरमाच्या तोंडातनं, नुसत्या सवयीनं, निघून गेलं, "घरी."

आधी गाडीवान हसले, मग बायका. चंपाबाईची गोधडी हसून हसून खाली पडली. आप्पा सदऱ्याकडं बघत होते. हसू आलं नाही त्यांना, पण ओरडताही येईना.

तानव्वानं तेवढ्यात सांगून टाकलं. पोटुशी बाई पोती उचलणार नाही, बसून चाळण धरेल. आणि बाळंतपणानंतर तिची जागा तिचीच.

"कायदा ह्या वखारीला लागू न्हाय," आप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे की भाईर. आमी बी भाईरच हाय. तुमच्या गाड्या बी भाईरच हायत."

आप्पांनी गाड्यांकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. मग चाळीस बायकांच्या देखत म्हणाले, "बरं. बाळंत झाल्यावर सव्वा महिन्यानं ये. जागा तुझीच."

"आनि दार?"

आप्पांनी भरमाला फडकं आणायला सांगितलं. भरमानं दाराचा गेरू पुसला, मग आप्पांचा सदरा पुसायला गेला आणि शिव्या खाल्ल्या.

तानव्वाला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं ती बाळ पाठीला बांधून मोठ्या दरवाजानं आत गेली. तिच्या जागेवर चंपाबाई ठाण मांडून बसली होती. "भरमानं दुसरीला बसवायचं बघितलं व्हतं," ती म्हणाली, आणि उठून चाळण तानव्वाच्या हातात दिली.

गेरू पुसला म्हणून माप गेलं असं समजू नका. तुमच्याही गावात वखार असेल, गिरणी असेल, कचेरी असेल. उद्या तिथं जा आणि दारावरच्या माणसाला तानव्वाच्या नावानं विचारा: गेल्या वर्षी बाळंत झालेली बाई आज कुठल्या जागेवर बसते? उत्तर मिळेपर्यंत दारातनं हलू नका.