नाल्यात जाणारे अर्धे पाणी

२९ फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांमध्ये खासगी भागीदारीने डायलिसिस सेवा देण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच धर्तीवरचे चार यंत्रांचे एक केंद्र पुढे नांदेड-लातूर भागातील एका लहान सरकारी रुग्णालयात सुरू झाले. रुग्णालयाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. करार वाचायला सोपा आहे. यंत्रे व तंत्रज्ञ कंपनीचे. जागा, वीज, पाणी रुग्णालयाचे. रुग्णाला सेवा मोफत, आणि दर डायलिसिसमागे सरकार कंपनीला ठरावीक रक्कम देते. पाणी किती, हे मात्र करारात कुठेही लिहिलेले नाही.

ते मोजण्याचे काम गेल्या मे महिन्यात वैजनाथ यांच्याकडे आले. ते रुग्णालयाचे पंपचालक. खुणा केलेला बांबू टाकीत बुडवून पाणी मोजतात. बोअर आटले होते आणि रुग्णालयाचा किरकोळ खर्चाचा निधी टँकरवरच संपत होता. अधीक्षकांनी सांगितले, "आठवडाभर मोजा. असंच लागणार असेल तर डायलिसिसची दुपारची पाळी बंद करावी लागेल."

दुपारच्या पाळीत डायलिसिस घेणाऱ्यांत अहमदपूर तालुक्यातल्या केवळाबाई होत्या. पाळी गेली असती, तर आठवड्यातून दोनदा नांदेड गाठावे लागले असते. त्या थेट पंपघरात आल्या.

"वैजनाथभाऊ, काठीवर खर्च जरा कमी दाखवा की."

"मावशी, काठी खोटं बोलली तर तुमी मशीनवर अन् टाकी खाली. मग?"

"मोजा बाबा. मला बी वजनकाट्यावर मोजूनच मशीनवर घेतेत अन् मोजूनच सोडतेत."

मोजणीत एक गोष्ट जुळेना. एका डायलिसिसला सुमारे सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागते, असे तंत्रज्ञ सांगे. दोन्ही पाळ्या मिळून दिवसाला आठ म्हणजे हजार लिटर. डायलिसिसला पाणी देणारी टाकी मात्र दोन हजारांनी उतरे. वैजनाथ पाइपाच्या मागे मागे इमारतीच्या पाठीमागे गेले. शुद्धीकरण यंत्राने गाळून टाकलेले खारट पाणी तिथे सरळ नाल्यात पडत होते.

भंगारातला पाइप जोडून त्यांनी ते शौचालयांच्या टाकीत वळवले. दुपारच्या पाळीला जेवढे पाणी लागे, जवळपास तेवढेच शौचालयांसाठी परत मिळू लागले. अधीक्षकांना त्यांनी दोन्ही आकडे सांगितले, गेलेले आणि आलेले. पाळी राहिली.

कंपनीच्या वार्षिक अहवालात त्या महिन्यांबद्दल एक वाक्य आहे : 'कार्यक्षमतेमुळे पाण्याच्या वापरात बचत.' ते वाचून दाखवल्यावर वैजनाथ हसले. "लई हुशार हायेत. पाइप कुठाय ते तरी इचारा त्यांना."

रुग्णालयाच्या कोणत्याही फाइलमध्ये त्या पाइपाची नोंद सापडली नाही. कराराची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. पाणी, वीज व जागा धरून एक डायलिसिस रुग्णालयाला किती रुपयांना पडते, हे आजवर कोणी मांडलेले नाही. ते मांडले, तर केवळाबाईंची पाळी टिकेल की जाईल, हेही माहीत नाही.